मटकी धुतलेलं पाणी

आमच्या घरात अंकलिपी कधी आणली गेली नाही. लातुरात माझ्या वडिलांचा, अप्पांचा छापखाना होता, घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत, आणि छापताना बिघडलेली पत्रकं मागच्या खोलीत गठ्ठ्यांनी पडलेली असत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. 'बंधू-भगिनींनो' हा मी स्वतः वाचलेला पहिला लांब शब्द. त्याच्याखाली काय असेल ते असो, शेवटी 'झालाच पाहिजे' असायचं. रस्ता झालाच पाहिजे, दवाखाना झालाच पाहिजे, लातूर जिल्हा झालाच पाहिजे. आणि एक दिवस जिल्हा खरोखरच झाला. गल्लीत गुलाल उधळला, अप्पांनी पेढे वाटले, आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की जे छापलं जातं ते खरं असतं आणि जे ठणकावून छापलं जातं ते होतंच.

पुढे माझ्या हातून जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं. सबब म्हणून हे सांगत नाही.

जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांना फॉर्म लागतात, पावत्या लागतात. अप्पांचं ट्रेडल मशीन सकाळी आठपासून धडधडायला लागलं. अव्वा, म्हणजे आमची आई, लग्न होऊन आल्यापासून खिळे जुळवायची. शिशाचं एकेक अक्षर केसमधून, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीतून, उचलून ओळ उभी करायची. त्यातच तिला बालवाडीची नोकरी लागली, औशाच्या पुढे, किल्लारीच्या वाटेवरच्या एका गावात. साडेसहाची बस, परत यायला दुपारचे तीन, आणि संध्याकाळी पुन्हा खिळे. धाकटी बहीण दहावीत होती, ती सातला क्लासला जायची. जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, मी नांदेडहून बीए करून नुकतीच परतले होते आणि मला सगळ्या जगाचं काय चुकतंय ते माहीत होतं.

पावसाने त्या साली आणि त्याच्या आदल्या सालीही तोंड फिरवलं होतं. नळ चार-पाच दिवसांनी यायचा. गल्लीच्या टोकाच्या हापशावर आमच्या बाजूचा नंबर दुपारी चारनंतर लागायचा. तिथून आणलेलं पाणी दुसऱ्या दिवशी चारपर्यंत पुरवायचं असे. कुणाला किती, हा हिशोब अव्वाच्या डोक्यात असायचा. तो तिने कधी मोठ्याने सांगितला नाही आणि मी कधी विचारला नाही.

सगळे घाईत असले की घरात काय खाल्लं जातं ते मी त्या वर्षी पाहिलं. बहीण बिस्किटाचा पुडा दप्तरात टाकून पळायची. अप्पा नव्या कचेरीसमोरच्या हॉटेलातली भजी कागदात बांधून आणायचे आणि मशीनपाशी उभ्यानेच खायचे. मला राग आला. ज्या मुलखात शेंगा पिकतात, ज्वारी पिकते, तीळ आणि करडई पिकते, तिथल्या माणसांनी मैद्याचे पुडे चघळायचे? मी पत्रक लिहायला बसले. नाव दिलं 'घाईच्या घराचा खाऊ'. खाली लाल शाईत: 'पोटाला फसवू नका'.

पत्रक वाईट नव्हतं. आजही त्यातलं बरंचसं मला पटतं. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, तीळ आणि गूळ घालून उखळात कुटायचे. तूप लागत नाही, दाण्याचंच तेल सुटतं. लाडू मुठीत बसेल एवढाच वळायचा, म्हणजे चालत्या बसमध्ये एका हाताने खाता येतो. ज्वारीच्या लाह्यांना फोडणी देऊन, दाणे आणि डाळं टाकून डब्यात भरलं तर आठवडा जातो. धपाटी कांदा घालून केली तर त्याच दिवशी संपवावीत, नुसत्या तिखटा-मिठाची दुसऱ्या दिवशीही चांगली राहतात. प्रवासाला दशमी, पीठ दुधात मळलेली. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की होणारा सुशीला शाळेतून आलेल्या लेकरांना दहा मिनिटांत करून देता येतो. हे सगळं घरोघरी बायका करतच होत्या. मी फक्त ते उद्गारचिन्हं लावून लिहिलं होतं.

माझी स्वतःची भर एकच होती, आणि मला तिचाच सगळ्यात जास्त अभिमान होता. मोड आलेली मटकी. नांदेडच्या वाचनालयात मी एक आरोग्याचं पुस्तक वाचलं होतं. 'रात्रभर भिजवा, फडक्यात बांधा, सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, मोड आल्यावर कांदा-लिंबू घालून खा.' हे वाक्य मी जाड टाइपात घ्यायला सांगितलं.

लिहिण्याआधी करून बघायचं, हे माझं तत्त्व. म्हणून मी महिनाभर प्रयोग केले. माझ्यासोबत पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटातल्या मुलींना, शेजाऱ्यांना, अप्पांच्या गिऱ्हाइकांना चव द्यायची म्हणून मोठं पातेलं भरून मटकी. भिजवायला पाणी, धुवायला पाणी, वास आला की पुन्हा धुवायला पाणी. पहाटे उठून मी पहिल्यांदा मटकीकडे जायची.

"अक्का, ह्या घरात मटकीला जेवढं पाणी मिळतंय तेवढं माणसाला मिळंना," बहीण एकदा म्हणाली.

"तू गप. तुझ्या बिस्किटात काय असतं म्हाईत हाय का?"

"बिस्किट असतंय."

अप्पा हसले. अव्वा पदर खोचून दाराशी उभी होती, चप्पल घालत. ती म्हणाली, "करू दे गं तिला. चांगल्या कामाला लागतंय पाणी." आणि डबा घेऊन बसला गेली.

डब्यात माझेच लाडू असायचे, कधी लाह्यांचा चिवडा, कधी ती मटकी. दुपारी डबा रिकामा परत यायचा, पुसून काढल्यासारखा. मी रोज विचारायची, "अव्वा, कसं झालं होतं?" ती रोज म्हणायची, "लई छान."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही लिंगायत. अव्वाच्या गळ्यात चांदीच्या करंडीत इष्टलिंग. पहाटे अंघोळ करायची, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची, मग अन्न. अंघोळ नाही तर पूजा नाही, आणि पूजा नाही तर चहाचा घोटसुद्धा नाही. माझ्याही गळ्यात लिंग होतं. कॉलेजात असताना मी ते काढलं आणि सुट्टीत घरी आल्यावर अव्वाच्या हातात ठेवलं. "ज्याला भूक लागली त्यानं खावं," मी म्हणाले होते. "त्याला देवाची परवानगी कशाला?" अव्वाने ते धुतलं, कपड्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं. तेव्हापासून मी उठल्या उठल्या चहा प्यायची. घरात कोण किती वाजता पूजेला बसतं आणि कोण किती वाजता जेवतं, याकडे माझं लक्ष उरलं नाही.

पत्रक पूर्ण झालं तेव्हा मला ते कोरडं वाटलं. नुसत्या कृती कोण वाचणार? जिवंत उदाहरण पाहिजे. मी शेवटी एक परिच्छेद जोडला: 'माझी आई रोज पहाटेच्या बसने नोकरीला जाते. ती उपाशी पोटी कधीच घराबाहेर पडत नाही. ह्या पत्रकातला खाऊ खाऊनच ती निघते. माझ्या आईला जमतं, तर तुम्हाला का नाही?'

तो मजकूर अव्वानेच जुळवला. मला आठवतं, ती केससमोर स्टुलावर बसली होती, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, चष्मा नाकावर घसरलेला. 'उपाशी' हा शब्द जुळवताना ती थांबली. तिला पोटफोडा 'ष' आणि शहामृगाचा 'श' यात कधी गोंधळ व्हायचा नाही. मला वाटलं, तिला आनंद झाला असेल, आपल्यावर लेकीनं लिहिलं म्हणून. मी अजून चहा प्यायले आणि बाहेर गेले.

पत्रक गाजलं, आमच्यापुरतं. मुलींनी ते बसस्टँडवर वाटलं, कुणी जळकोटला नेलं, कुणी उदगीरला. नांदेडच्या एका महिला मेळाव्याचं बोलावणं आलं. रविवार होता. मी अव्वाला म्हटलं, "तू चल. लोकायला दिसू दे, पत्रकातली आई खरी हाय."

"मी कशाला? मला कोण वळखतंय?"

"म्हणूनच चल."

बस पहाटेची. मी अंघोळ करून, केस धुऊन निघाले, मेळावा होता ना. अहमदपूरला बस थांबली तेव्हा मी डबा उघडला आणि लाडू तिच्यापुढे धरला.

"नको. बसमधी मळमळतंय."

"अव्वा, पत्रकात काय लिवलंय? चालत्या बसमध्ये एका हातानं."

शेजारची म्हातारी हसली. "ही पोरगी का मास्तरीण?"

"पत्रकं लिहिती," अव्वा म्हणाली. आवाजात कौतुक होतं, खोटं नव्हतं. डबा मात्र तिने झाकून मांडीवर ठेवला आणि नांदेडपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

मेळाव्यात मी पत्रक वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदाला टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेकडे बोट केलं, सगळ्या बायका वळून बघायला लागल्या, अव्वाने हात जोडले. मग नायगावकडून आलेली एक बाई उभी राहिली. हातावर गोंदण, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला.

"बाई, समदं बरं हाय. पण मटकी दोनदा दोनदा धुवायला पाणी कुठलं आणावं?"

मी तिला काय उत्तर दिलं ते मला शब्दनशब्द आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "ताई, पाणी हा बहाणा आहे. चहाला पाणी मिळतं, भांड्याला पाणी मिळतं. फक्त आरोग्याची गोष्ट आली की पाणी नसतं. माझ्या घरी नळ पाच दिवसांनी येतो. आम्हाला जमतं!"

पुन्हा टाळ्या. ती बाई खाली बसली. मी अव्वाकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. घरी पोचल्यावर हापशाची घागर घेऊन सरळ न्हाणीत गेली. मी जेवून झोपले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आमचा गट अव्वाच्या बालवाडीच्या गावी गेला. अव्वा औशाला मीटिंगला गेली होती. बालवाडीत मदतनीस मावशी होत्या, लेकरांची नाकं पुसत. मी लाडवांचा डबा उघडला तर दहा-बारा पोरं एकदम उठून माझ्याभोवती आली. त्यातली एक म्हणाली, "बाईंचे लाडू!"

"ह्यांना कसे माहीत?" मी विचारलं.

"रोजच खात्यात की," मावशी म्हणाल्या. "तुमच्या आई डबा उघडत्यात आन् वाटून टाकत्यात. मटकी आली की मातुर लेकरं तोंड वाकडं करत्यात. मग मी खाते."

"आणि अव्वा काय खाते?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मला खरंच माहीत नाही का, हे तपासत. "त्या कवा खात्यात? दोन महिनं झालं, अंगुळ न्हाई म्हणत्यात, पूजा न्हाई. घरी जाऊन अंगुळ करणार, मग खाणार. आधी न्हाई व्हायचं असं. आधी हितं आल्यावर चटणी-भाकर खायच्या माझ्यासंगं. मी म्हणलं, बाई, घरात पाणी कमी पडायलंय का? तर म्हणल्या, पाणी हाय, चांगल्या कामाला लागायलंय."

बालवाडीच्या भिंतीला टेकून मी उभी राहिले. दोन महिने. मी पातेलं भरून मटकी भिजवायला लागले त्याला दोन महिने झाले होते. पहाटे उरलेलं अर्धी बादली पाणी तिच्या अंघोळीचं होतं. ते मी मोड आणण्यासाठी ओतलं होतं, आणि ती पहाटे पाचपासून दुपारी चारपर्यंत उपाशी राहत होती. मध्ये पंचवीस लेकरांना गाणी शिकवत होती. नांदेडला मी तिला तसंच सभेत उभं केलं होतं.

गटातल्या मुली पत्रकं वाटायला निघाल्या. मी त्यांना सांगितलं, डोकं दुखतंय. तेही खोटंच.

अव्वा लातूरला घरी परतली तेव्हा मी दारातच होते. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घागर उचलली.

"मावशी बोलली वाटतं."

"तू मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर भाषण झालं असतं." ती हसली नाही. "अंघोळ कशाला, पूजा कशाला, खा म्हणाली असतीस. तुझं-माझं भांडण झालं असतं. मला तेवढी ताकद नव्हती पहाटेची."

अप्पा मशीन थांबवून आत आले. त्यांनाही माहीत नव्हतं. तिच्या पूजेच्या वेळी ते झोपलेले असत. "अगं, नुसती विभूती लावून पूजा केली तर चालतंय म्हणत्यात मठातले स्वामी. पाणी न्हाई तर न्हाई."

"स्वामींना चालत असंल. मला चालत न्हाई."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, कॉलेजापासून तयार असलेलं. मी ते गिळलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

"पण पत्रक तू जुळवलंस," मी म्हणाले. "ती उपाशी पोटी कधीच बाहेर पडत नाही. ते वाक्य तू स्वतःच्या हातानं जुळवलंस. खोटं हाय म्हाईत असून."

"तू लिहिलंस. मजकूर बदलायचा न्हाई, हे तुझ्या अप्पांनी मला पहिल्या दिवशी शिकिवलं. चुकलं असंल तर लिहिणाऱ्यानं बघावं." घागर कमरेवर घेत ती म्हणाली, "मला वाटलं, प्रूफ वाचताना तुला दिसंल."

प्रूफ मी तीनदा वाचलं होतं. एक वेलांटी सुधारली होती.

उरलेल्या पत्रकांचे दोन गठ्ठे होते. त्या आठवड्यात मी आणि बहीण काळ्या शाईने प्रत्येकावरची मटकीची ओळ आणि शेवटचा परिच्छेद खोडत बसलो. बहिणीने एकदाही टोमणा मारला नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. वाटून झालेल्या पत्रकांचं काही करता येत नव्हतं. ती जळकोटला होती, उदगीरला होती, आणि नायगावच्या त्या बाईच्या घरात होती, जिला मी भर सभेत बहाणेखोर म्हटलं होतं. तिचं नाव मला माहीत नाही. पुढे मी नायगावच्या स्टँडवर दोनदा उतरले, गोंदण असलेल्या हातांकडे बघत फिरले, आणि पुढच्या बसने परत आले.

माझा लिंग-पूजेबद्दलचा विचार बदलला नाही. आजही नाही. पण दुसऱ्याच्या उपाशी पोटावर उभं राहून मी तो मांडला होता, हे माझ्याच्याने नाकारता येत नाही. तो विचार खरा असेल, पण तो सांगण्याचा माझा हक्क त्या वर्षी गेला. मी तसा तो परत मागितलेलाही नाही.

मटकीचं पातेलं घासून फळीवर गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी न्हाणीत अर्धी बादली ठेवली, वर माझ्या वाट्याचे दोन तांबे ओतले आणि दाराशी बसून राहिले, घरातलं कुणी चुकून हात घालील म्हणून. अव्वा आली, तिने बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तू?"

"मी संध्याकाळी करते."

ती आत गेली. पाण्याचा आवाज, मग पूजेची शांतता. साडेसहाच्या बसला पंधरा मिनिटं होती. ती विभूतीचे तीन पट्टे लावून बाहेर आली, डबा उचलला, थांबली, आणि झाकण उघडून एक लाडू घेतला. उभ्यानेच खाल्ला. मी चुलीकडे तोंड करून उभी होते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. दोन महिने रोज मी तिला विचारलं होतं, कसं झालं होतं.

"गूळ लई झालाय गं," अव्वा म्हणाली. "आन् दाणे जळालेत जरासे. लेकरं कधी बोलली न्हाईत."

चप्पल घालून, डबा घेऊन ती निघाली. त्या डब्यात अजून नऊ लाडू होते. ते तिने कुणाला दिले हे मी दुपारी विचारलं नाही. संध्याकाळी हापशावरून आल्यावर दाणे पुन्हा भाजले, ह्या वेळी मंद आचेवर, पत्रकात लिहिलं होतं तसे.